रोझी क्लेंकचं लाल शेवाळ

रोझविथा क्लेंकने आयुष्यात इतक्या पांढऱ्या बनियनी पाहिल्या होत्या, की पांढऱ्या रंगाचं नाव काढलं तरी तिच्या कपाळाला आठी पडायची. टाइलफिंगेन गावच्या विणकाम कारखान्यात ती पोरवयात तपासणीच्या टेबलावर लागली आणि निवृत्तही त्याच टेबलावरून झाली. शिवण सरळ आहे का, धागा सुटलाय का, कुठे डाग तर नाही. बनियन पांढरी, टेबल पांढरं, डोक्यावरची ट्यूबलाइट पांढरी, आणि आल्बच्या डोंगरातला हिवाळा म्हणजे खिडकीबाहेरही तेच. लग्नानंतर नवऱ्याने, म्हणजे हेल्मुटने, बैठकीच्या भिंतींना कोणता रंग देऊ असं विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "पांढरा सोडून कुठलाही." हेल्मुटने भिंती पिवळ्या केल्या आणि पुढे काही वर्षांनी तो बालिंगेनच्या एका केस कापणाऱ्या बाईकडे राहायला गेला. भिंती राहिल्या. रोझीला विचाराल, तर दोन्ही गोष्टी चांगल्याच झाल्या.

हेल्मुटने जाताना आणखी एक गोष्ट मागे ठेवली, ती म्हणजे समुद्राच्या पाण्याची टाकी. पुरुषभर लांब, आत खडक, खडकांवर चार-दोन प्रवाळ आणि नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे. टाकी उचलून नेणं त्याच्या जिवावर आलं असणार. रोझीला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण मासे तिच्याकडे बघून तोंड उघडायचे, आणि भुकेल्याला उपाशी ठेवणं तिला जमण्यासारखं नव्हतं. तिने मीठ किती, पाणी किती, दिवा किती वेळ, हे शिकून घेतलं.

मग एके दिवशी तिला एका खडकाच्या खाचेत लाल ठिपका दिसला. आधी वाटलं, आपल्याच नखपॉलिशचा टवका उडून पडला. पण नखपॉलिश वाढत नाही. हा ठिपका वाढला. त्याला बोटं फुटली, बोटांना फाटे फुटले, आणि वसंत येईपर्यंत त्या खाचेतून पिकल्या चेरीच्या रंगाचा एक झुबका पाण्यात डोलायला लागला. लाल शेवाळ. दिवा प्रखर झाला की ते रुसून पिवळं पडे, सावली केली की पुन्हा लालबुंद. रोझीने त्याच्यासाठी दिव्याखाली जुन्या बनियनीचं कापड ताणून बांधलं. पांढऱ्या बनियनीचा तिला आयुष्यात झालेला हा पहिला उपयोग, असं ती सांगायची.

गावात समुद्री टाक्यांचा क्लब होता, अजूनही आहे. महिन्यातून एकदा ही मंडळी 'हरीण' नावाच्या खानावळीच्या मागच्या खोलीत जमतात, बिअर पितात आणि आपापल्या पाण्याची स्तुती करतात. अध्यक्ष डीटर त्सेलर, धंद्याने खाटीक, आवाजाने घंटा. त्याच्या टाकीतलं पाणी साऱ्या जिल्ह्यात सर्वांत निर्मळ, हे तो स्वतःच सांगायचा आणि दुर्दैवाने ते खरं होतं. डीटरचा एकच शत्रू होता, शेवाळ. हिरवं असो, तपकिरी असो, लाल असो.

"टाकीत शेवाळ दिसलं की समजावं, मालक झोपलाय," तो म्हणायचा.

"मी जागी आहे, डीटर," रोझी म्हणायची. "मी ते मुद्दाम वाढवते."

"म्हणजे आणखी वाईट. झोपलेल्याला उठवता तरी येतं."

खोली हसायची. बस चालवणारा फोल्कर हाउग सर्वांत मोठ्याने हसायचा, कारण तो अध्यक्षाच्या शेजारी बसायचा. पण रोझी मैदान सोडणारी नव्हती. सभेच्या शेवटी देवाणघेवाणीचं टेबल लागायचं. त्यावर लोक प्रवाळाचे तुकडे ठेवायचे, आणि रोझी जॅमच्या बरण्यांतून लाल झुबके ठेवायची. गंमत अशी, की सभा संपताना तिच्या बरण्या रिकाम्या असायच्या. आमच्याकडे फुकटची वस्तू नाकारायची पद्धत नाही, मग ती विषाची का असेना. शिवाय क्लबात एक जुना नियम आहे, बागवाल्यांकडून आलेला. दिलेल्या काडीबद्दल आभार मानायचे नाहीत. मानले की ती जगत नाही. त्यामुळे सगळे बरणी कोटाखाली घालून मुकाट निघून जात.

आणि पुढच्या वेळी तिने विचारलं, की नजर चुकवत.

"कसं आहे रे माझं शेवाळ?" ती डीटरला विचारायची.

"कुठलं? हां, ते. माझ्या पाण्याला नाही मानवलं."

"आणि तुझं, फोल्कर?"

"दिसत नाही कुठे," फोल्कर म्हणायचा आणि बिअरमध्ये तोंड घालायचा.

रोझीला काय समजायचं ते समजलं होतं. सगळं कचऱ्यात जातंय. नियमाआड लपून आभारही वाचतात आणि खोटंही पचतं. ती घरी येऊन टाकीसमोर बसायची आणि पुढच्या महिन्याच्या बरण्या धुवायला घ्यायची. याला चिकाटी म्हणा की खोड, तिला विचारलंत तर ती म्हणेल, चाळीस वर्षं शिवणी तपासलेल्या बाईला एक सुटलेला धागा सोडवत नाही.

यंदा मात्र चमत्कार झाला. क्लबचं प्रदर्शन दर शरद ऋतूत व्यायामशाळेच्या हॉलमध्ये भरतं. गेल्या वर्षी आलेले लोक जांभया देत गेले. सगळ्या टाक्या सारख्या, सगळ्यांत तेच निळे-जांभळे प्रवाळ, एक बघितली की सगळ्या बघितल्या. तेव्हा कुणीतरी म्हणालं, यंदा मधल्या टेबलावर रोझीचं शेवाळ ठेवून बघू. हात वर झाले. एका हाताच्या फरकाने ठराव पास झाला. तो हात फोल्करचा होता, आणि हात वर करताना तो अध्यक्षाकडे बघत नव्हता.

"घे मधलं टेबल," डीटर म्हणाला. "लोक हसले तर माझ्याकडे रडत येऊ नकोस."

"हसू देत. लाल बघून कुणी हसलं, तर मला आनंदच आहे."

वरवर ती असं म्हणाली, पण त्या रात्री तिला झोप लागेना. एकदा, फक्त एकदा, या सगळ्या निर्मळ लोकांनी तिचं लाल शेवाळ डोळे भरून बघावं आणि नाक मुरडू नये, एवढंच तिला हवं होतं. आणि त्या जातीचं शेवाळ दुकानात मिळत नव्हतं. जे होतं ते तिच्या टाकीत.

तेवढ्यात आरोग्य विम्याची मंजुरी आली. तिच्या गुडघ्यांसाठी तीन आठवडे आरोग्यधाम, गरम पाण्याचे हौद, मालिश, सगळं. अशी मंजुरी यायला लोक वर्षानुवर्षं थांबतात, ती नाकारली तर पुन्हा मिळत नाही. परत यायची तारीख होती प्रदर्शनाच्या आधीचा गुरुवार. टाकीकडे कोण बघणार? घरात दोनच बिऱ्हाडं. वर रोझी, खाली हेर, म्हणजे श्रीयुत, ब्युर्क.

ओइगेन ब्युर्क निवृत्त टपालवाले. सभ्य, एकटे, आणि स्वच्छतेच्या बाबतीत माणूस नव्हे, संकट. आमच्याकडे जिन्याच्या सफाईचा आठवडा असतो. एक आठवडा तुमचा, एक शेजाऱ्याचा, आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला 'सफाईचा आठवडा' असं लिहिलेली लाकडी पाटी लटकते. रोझीच्या पाळीच्या शनिवारी हेर ब्युर्क जिना उतरताना कठड्यावरून बोट फिरवत आणि मग ते बोट खिडकीच्या उजेडात धरून बघत. तोंडाने ब्र काढत नसत. ते बोटच पुरेसं होतं.

"हेर ब्युर्क, रोज चिमूटभर खाणं टाकायचं," रोझीने किल्ली देताना सांगितलं. "पाणी या रेघेपर्यंत ठेवायचं. बाकी कशालाही हात लावायचा नाही."

"फ्राउ क्लेंक, दुसऱ्याच्या वस्तूला मी हात लावत नाही. तुम्ही निवांत जा."

आणि ते खरंच बोलत होते. पण त्यांच्या लेखी सफाई म्हणजे हात लावणं नव्हे. सफाई ही सफाई असते.

झालं असं, की रोझीच्या गैरहजेरीत तिची पाळी आली. पाटी तिच्या दाराला लटकली. हेर ब्युर्क सज्जन माणूस, शेजारीण उपचाराला गेली आहे म्हणून त्यांनी तिच्या वाट्याचा जिना झाडला, पुसला, कठडा चकचकीत केला. मग माशांना खाणं टाकायला पाटीचं दार उघडून आत गेले. आणि दिव्याखाली ताणलेली ती जुनी बनियन आणि तिच्याखाली खडकाखडकावर माजलेलं ते लाल रान पहिल्यांदाच नीट न्याहाळून बघितलं. बिचारी फ्राउ क्लेंक, त्यांना वाटलं. गुडघ्यांमुळे वाकता येत नसेल, किती दिवसांचं साचलंय. पाटी तिच्या दाराला आहे, पाळी तिची आहे, आणि तिच्या वतीने ती मी करतोय. मग दाराच्या आतलं तेवढं कशाला सोडायचं?

गुरुवारी दुपारी रोझी परतली, तेव्हा हेर ब्युर्क तिच्या बैठकीत उभे होते. टेबलावर गोड पावाची वेणी, कॉफी तयार, अंगात इस्त्रीचा शर्ट.

"बसा, बसा," ते म्हणाले. "आधी हे बघा."

रोझीने बघितलं. टाकीतला एकेक खडक घासलेला होता. प्रवाळ जिथल्या तिथे होते, मासे मजेत होते, काच इतकी लख्ख की काच आहे हेच कळू नये. आणि खडक पांढरे. वाळू पांढरी. दिव्याखालची बनियन धुऊन, घडी करून बाजूला ठेवलेली, तीही पांढरी.

"साबण अजिबात नाही वापरला हां," हेर ब्युर्क म्हणाले. "चौकशी केली आधी. नवा ब्रश आणला. पाणीही त्यांचंच, बादलीत काढून. आता बघा, माशांना श्वास घ्यायला जागा झाली."

रोझी कोट न काढताच खुर्चीवर बसली.

"ते लाल कुठंय, हेर ब्युर्क?"

"टाकलं. ओल्या कचऱ्याच्या डब्यात. आज सकाळीच गाडी येऊन गेली, नशीब बघा. वास मारला असता."

तिने आरडाओरडा केला नाही. तिला रडू आलं, आणि ते इतकं सरळ आलं की लपवायचंही सुचलं नाही. हेर ब्युर्कच्या हातातली कॉफीची किटली तशीच अधांतरी राहिली. तिने त्यांना सांगितलं. ठिपक्यापासून मधल्या टेबलापर्यंत सगळं. ते ऐकत राहिले, मग त्यांनी किटली खाली ठेवली आणि किल्ली टेबलावर ठेवून खाली निघून गेले. वेणी कुणीच कापली नाही.

संध्याकाळी तिने डीटरला फोन लावला.

"मधलं टेबल दुसऱ्या कुणाला दे. माझं शेवाळ गेलं."

"गेलं म्हणजे?"

"साफ केलं शेजाऱ्यांनी. सगळं."

"एखादी काडी असेल कुठे खाचेत."

"हेर ब्युर्कनी साफ केलंय, डीटर. खाचेत काय राहणार?"

पलीकडे बराच वेळ मांस कापायच्या यंत्राचा आवाज येत राहिला. ती वाट बघत होती, आता टोमणा येईल म्हणून. डीटर नुसतं "बरं" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. एवढंसं 'बरं' त्याच्या तोंडून तिने कधी ऐकलं नव्हतं.

शुक्रवारी फोल्कर आला. अंगात बसचा गणवेश, हातात झाकलेली बादली.

"आत येऊ का? बस कोपऱ्यावर उभी आहे, सुटायला थोडा वेळ आहे."

"ये. काय आहे ते?"

त्याने झाकण काढलं. आत लाल शेवाळ होतं, बादलीभर, तिचं तेच, चेरीच्या रंगाचं.

रोझी त्याच्याकडे बघत राहिली. "तू तर म्हणायचास, दिसत नाही कुठे."

"नव्हतंच दिसत. छोट्या टाकीत होतं, टीव्हीच्या मागे." त्याने टोपी काढून हातात फिरवली. "माझा पिवळा मासा याच्यावर जगतो, रोझी. आधी कशाला तोंडच लावायचा नाही. पण डीटरला कळलं असतं तर वर्षभर खाल्लं असतं मला. त्याला सांगू नकोस हां, प्लीज."

"नाही सांगत. अरे, फोल्कर..."

"गप्प," फोल्कर घाईने म्हणाला. "त्या शब्दाचा उच्चार करू नकोस. मरेल." आणि तो जिना उतरून पळाला.

शनिवारी सकाळी मागच्या दाराने, म्हणजे तळघरातून, डीटर त्सेलर आला. दुकानातला पांढरा अ‍ॅप्रन तसाच, दोन्ही हातांत सॉसेजच्या मसाल्याची मोठी पिंपं. जिन्यावर हेर ब्युर्क गुडघे टेकून पायऱ्या पुसत होते. पाळी कुणाचीही असो, गुरुवारपासून ते पुसतच होते.

"पाय पुसा," ते मान वर न करता म्हणाले. खाटकाने मुकाट पाय पुसले.

वर येऊन त्याने आधी खिडकीतून रस्त्यावर कुणी ओळखीचं नाही ना ते बघितलं, मग पिंपांची झाकणं उघडली. असं शेवाळ तिच्या स्वतःच्या टाकीतही कधी झालं नव्हतं. दाट, तुकतुकीत, हाताच्या ओंजळीत न मावणारे झुबके.

"हे कुठे होतं?"

"खाली. टाकीच्या कपाटात. दुसरी टाकी आहे तिथे, छोटा दिवा लावून." डीटरने घसा खाकरला. "पहिली बरणी दिलीस, तेव्हाच लावलं होतं."

"पाण्याला मानवलं नाही म्हणालास."

"काय म्हणणार मग? हे घाण खातं, रोझी. माशांची सगळी घाण हे खाऊन टाकतं. माझं पाणी म्हणून जे काही जिल्हाभर गाजतंय ना, ते..." त्याने पिंपाकडे हात केला. "ते हे आहे."

"आणि इतकी वर्षं तू दर सभेत मला सांगत होतास की मालक झोपलाय."

"सांगत होतो. आणि घरी जाऊन कपाटाचं दार लावून घेत होतो."

रोझी हसायला लागली. तीन आठवड्यांच्या मालिशनंतर सरळ झालेले गुडघे धरून हसली. आधी डीटर बिचारा अवघडून उभा होता, मग तोही घंटेसारखा हसला, आणि त्या आवाजाने दार ढकललं गेलं. दारात ओला फडका हातात घेऊन हेर ब्युर्क उभे होते. जिन्यावरून अक्षर न अक्षर ऐकलेलं असणार, जिन्याची भिंत तेवढी पातळ आहे.

"माफ करा, फ्राउ क्लेंक," ते म्हणाले. "हे गृहस्थ म्हणतात ते खरंय? ती घाण नव्हती?"

"नव्हती, हेर ब्युर्क. पाणी तेच साफ करतं."

"रोज?"

"रोज."

"सुट्टी न घेता? पाटी न लावता?"

"पाटीबिटी काही नाही. त्याचं त्याचं चालू असतं."

हेर ब्युर्क चौकटीला टेकले, मग सावकाश वरच्या पायरीवर बसले. ती पायरी ओली होती, आणि इस्त्रीच्या पँटने ओल्या पायरीवर बसलेले हेर ब्युर्क त्या घराने आजवर बघितले नव्हते. घाण समजून त्यांनी ज्याला घासून काढलं, ते या घरात त्यांच्याहून जास्त सफाई करणारं एकमेव सजीव होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरत होतं. रोझीचा राग तिथल्या तिथे गेला. तिने त्यांना परवाच्या वेणीचा तुकडा कापून आणून दिला, वाळलेला होता तरी.

रविवारी व्यायामशाळेत मधल्या टेबलावर दोन पिंपं आणि एक बादली यांतून तयार झालेलं लाल रान उभं होतं. टाकीजवळ डीटरने कार्ड लावलं. कोणत्या टाकीत कुणाचं काय आहे, हे कार्डावर लिहायची क्लबची रीत आहे, एका तुकड्याची मालकीही लपवता येत नाही. फोल्कर कार्ड वाचायला वाकला, आपलं नाव आलंय की काय या धास्तीने. कार्डावर लिहिलं होतं, 'लाल शेवाळ. रोझविथा क्लेंक.'

"माझं नाव नाही?" त्याने हळूच विचारलं, आणि मग आपण काय बोललो ते कळून तो लालेलाल झाला.

डीटरने त्याच्याकडे बघितलं, खालपासून वरपर्यंत. "तुझ्याकडेही होतं तर."

"म्हणजे तुझ्याकडेही?"

"आपल्याकडे काय होतं रे? सगळं तिचंच. आपण फक्त लपवलं."

हे रोझीने ऐकलं. दुपारभर टाकीभोवती माणसं दाटली होती, पोरं काचेला नाकं लावत होती, आणि कुणी हसत नव्हतं. पण तिच्या मनात दुसरंच घोळत होतं. ज्या मुकाटपणाला ती आजवर कचऱ्याची बादली समजली, त्या मुकाटपणातच तिचं शेवाळ जगलं होतं, टीव्हीच्या मागे आणि कपाटाच्या आत. तिचे डोळे भरून आले. ती डीटरकडे वळली, आणि तिचं तोंड उघडताच त्याने सॉसेजसारखं जाडजूड बोट नाचवून ते बंद केलं.

सोमवारी सकाळी तिच्या दारावर टकटक झाली. हेर ब्युर्क उभे होते, हातात लोणच्याच्या काकड्यांची रिकामी बरणी. आतून बाहेरून घासलेली, हे सांगायला नको.

"फ्राउ क्लेंक, एखादी काडी मिळेल का? मोठी नको."

रोझीने कात्री घेतली, शिवणीला जसा धागा तोडायची तसा नेमका एक झुबका तोडला, टाकीतलं पाणी भरून बरणी त्यांच्या हातात दिली. वाण्याकडे सुटे पैसे घेतानाही कधी आभार चुकवले नाहीत असा हा माणूस. त्यांचं तोंड उघडलं. रोझीने बोट वर केलं. हेर ब्युर्कनी ओठ घट्ट मिटले, कान लाल होईपर्यंत दम धरला, मान लववली आणि बरणी दोन्ही हातांनी धरून एकेक पायरी उतरत गेले.

थोड्या वेळाने ती ब्रेत्सेल, म्हणजे गाठ मारलेला खारा पाव, आणायला निघाली. तो आठवडा हेर ब्युर्कचा होता, पण त्यांच्या दाराला पाटी नव्हती. तिला नवल वाटलं. रस्त्यावर येऊन तिने सहज त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. खिडकीत बरणी होती, सावलीच्या बाजूला, आणि बरणीच्या गळ्यात दोरीने तीच लाकडी पाटी अडकवलेली होती.

रोझीने पाटी नीट वाचली, पाणी बरणीवर त्यांनी आखलेल्या रेघेपर्यंत आहे ना ते बघितलं, आणि ती ब्रेत्सेल आणायला गेली. त्या दिवशी तिने दोन आणल्या.